वारा आला की पुस्तक फिरवायचं

४ सप्टेंबर

चि. खारूस,

आशीर्वाद. नको असले तर टेबलावर ठेव, नासत नाहीत.

तुझं कार्ड मिळालं. मार्चमध्ये जिना उतरताना "आता तू आलीस तरच बोलू" असं म्हणून गेलेली मुलगी सप्टेंबरात चार ओळी लिहिते, म्हणजे देव पावला म्हणायचं. "दोघींना पुरेल अशी खोली घेतली आहे. इथल्या मुलांच्या वाचनालयात तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. एक ऑक्टोबरला रुजू व्हायचं. येतेस की नाही एवढंच कळव, कारणं कळवू नकोस." कारणं कळवू नकोस, म्हणे! कारणं काढून टाकली तर माझ्या पत्रात उरणार काय, तारीख आणि सही.

तर आधी उत्तर. येते. एक तारखेला येते. लिहून टाकलं, आता खोडायचं नाही.

तुझ्या आजींना सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं, फारशा काही बोलल्या नाहीत. मार्चमध्ये मोडलेलं खुब्याचं हाड जुळलंय असं डॉक्टर म्हणतात, पण जिना उतरायचं त्या नाव काढत नाहीत. दिवसभर खिडकीपाशी पलंगावर, आणि उशाशी शाळेची घंटा. तू गेल्यावर ती त्यांनी वर मागवून घेतली. "हाका मारून माझा घसा बसतो," म्हणाल्या. आता पाणी हवं असलं, पडदा ओढायचा असला, फाटकाशी कोण आलंय ते बघायचं असलं की टण टण. दोन ठोके म्हणजे मी. मी खाली बालवाडीच्या वर्गात मुलांपुढे, मदतनीस मावशी अंगण झाडत असतात, आणि वर टण टण. चढते, उतरते, पुन्हा चढते. मावशी गेल्या तर चालत नाही, त्यांचा हात थंड असतो म्हणे.

मुलांची आणखी वेगळी तऱ्हा. पडायच्या आधी आजी दारात उभ्या राहून सुटीची लांबलचक घंटा द्यायच्या, हात दुखेपर्यंत, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. ती यंदाच्या मुलांनी ऐकलेलीही नाही. पण घंटा म्हणजे सुटी हे ती बहुतेक पोटातूनच शिकून आली आहेत. वर टण टण झालं की निम्मा वर्ग दप्तरं पाठीला लावून दारात. रोज. मी ओरडते, "ही सुटीची नाही रे, ही माझी!" मग पुन्हा दप्तरं खाली, पुन्हा मांडी घालून गप्प.

पुरे आता. बोलावणं आलं.

तुझी आई

९ सप्टेंबर

चि. खारू,

वाचनालयात मी नेमकं काय करायचं ते तू लिहिलं नाहीस, पण मी अंदाज बांधला. लहान मुलांना पुस्तक म्हणजे काय चीज आहे ते दाखवायचं. ते येतं मला. खरं सांगायचं तर तेवढंच येतं.

यंदाच्या मुलांच्या हातात पहिल्या दिवशी पुस्तक दिलं तर एकाने चावून पाहिलं, एकाने डोक्यावर छप्पर केलं, आणि एका मुलीने चित्रातल्या मोज्यावर दोन बोटं ठेवून ती फाकवली. चित्र मोठं होईना. तिने पुन्हा फाकवली. मग माझ्याकडे असं बघितलं, की बाई, तुमचं बिघडलंय. तेव्हापासून ती चिमटी.

मी आपली मुळापासून सुरुवात करते. हा पुस्तकाचा चेहरा, ही पाठ, हा कणा. पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, एका बोटाने, थुंकी न लावता. गोष्ट चित्रात नसते, त्या काळ्या मुंग्यांत असते. मुंग्या डावीकडून निघतात, उजवीकडे पोचतात, मग खालच्या ओळीत पुन्हा डावीकडून. दोन शब्दांच्या मधे मोकळी जागा का? तर शब्दांना श्वास घ्यायला. मुलांना हे सगळं पटतं. न पटून सांगतात कोणाला!

आणि पुस्तक अजूनही तेच गं. निळा मोजा. वाळत घातलेला मोजा वाऱ्याने उडतो, गावभर हिंडतो आणि शेवटी दोरीवर आपल्या जोडीच्या मोज्याशेजारी येऊन बसतो. पुस्तक बांधणाऱ्याने मधला अख्खा गठ्ठा उलटा शिवला होता, म्हणून दुकानदाराने तुझ्या आजीला ते तसंच देऊन टाकलं, आणि आजी म्हणाल्या, फुकट ते पौष्टिक. तू लहान असताना त्या गठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना लाल दोरे लावून दिले होतेस, तेही आहेत. पहिल्या दोऱ्याशी पोचलं की पुस्तक गर्रकन उलटं करायचं, दुसऱ्या दोऱ्यापासून वाचत यायचं, संपलं की पुन्हा सुलटं. तुझी युक्ती इतकी सोयीची होती की नवं पुस्तक आणावं असं कोणाच्या मनातच आलं नाही. आणि बरोब्बर त्या दोऱ्यापाशीच गोष्टीत वारा सुटतो. त्यामुळे मुलांची अशी ठाम समजूत, की वारा आला की पुस्तक फिरवायचं, नाहीतर मोजा उडणार कसा? सगळी एका सुरात ओरडतात, "वारा आला!" आणि मी फिरवते. त्यांचेही हात फिरतात, हवेतल्या हवेत.

बाकीची पुस्तकं कुठायत, असं तू विचारशील. तिथेच. वर्गातल्या काचेच्या कपाटात, आणि किल्ली आजींच्या उशीखाली. "फाडतील" हे त्यांचं उत्तर तुला पाठ आहे. मुलं काचेला नाक लावून कणे बघत बसतात आणि नाकांचे ठसे मावशी संध्याकाळी पुसतात. मी किल्ली कधी मागितली नाही. मागितली की त्या नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा मागता येणार नाही, असा माझा हिशेब. तुला माझे हिशेब माहीत आहेत.

तेवीस तारखेला तपासणीच्या बाई येणार आहेत. ती तपासणी उरकली की निघायच्या तयारीला लागते. त्याआधी सोडून जाणं बरं दिसणार नाही.

तुझी आई

१५ सप्टेंबर

चि. खारू,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे, मी काही विचारलंच नव्हतं.

एक सांगायचं राहिलंय. आजींना मी सांगितलेलं नाही. चार तारखेला तसं लिहिलं तेव्हा वाटलं होतं, पत्र पेटीत टाकून येते आणि तशीच जिना चढून सांगून टाकते, म्हणजे लिहिलेलं खरं होईल. चढले, तर म्हणाल्या, "बरी आलीस, जरा पाठ चोळून दे." आता पाठ चोळता चोळता माणसाला काय सांगायचं, की मी चालले?

नंतर एकदा विषय काढला. म्हटलं, "आई, खारूचं कार्ड आलंय."

"काय म्हणते?" खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"बरी आहे."

"एकटीच राहते?"

"हो."

"मग बोलाव की तिला इकडे. एवढं घर आहे, उजेड आहे, वारा आहे. दोघी आहोत, तिघी होऊ." असं म्हणून माझा हात हातात घेतला आणि कुरवाळत बसल्या. मीही बसून राहिले.

तुला वाटतं त्या मला डांबून ठेवतात. तसं असतं तर बरं झालं असतं गं, हिसडा मारून सुटले असते. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी अंथरूण धरलं होतं. तेव्हा त्यांनी मला एकेक घास भरवला, तुला कडेवर घेऊन वर्ग चालवला, आणि स्वतःच्या मुलासाठी रडायला जिन्याखाली जाऊन बसायच्या, मला दिसू नये म्हणून. ते घास अजून माझ्या घशात आहेत. तू भांडलीस तेव्हा मी तुला हे का नाही सांगितलं, कोण जाणे.

रविवारी तुझे काका आले होते. राहतात दोन गल्ल्या सोडून, पण येतात ते सात समुद्र ओलांडून आल्यासारखे दमून. त्यांना जिन्याखाली गाठलं. म्हटलं, "भावजी, आईंना काही दिवस तुमच्याकडे न्याल का? नाहीतर तुम्ही इकडे राहायला या."

"काय बोलता वहिनी!" ते म्हणाले. "तुमच्याशिवाय तिचं पान हलत नाही." आणि असे हसले की जणू माझ्या गळ्यात हारच घातला. मग चहा प्यायले आणि कप तिथेच पायरीवर ठेवून गेले.

आता चांगली बातमी. काचेच्या कपाटामागे मी एक पिशवी भरून ठेवली आहे. कपडे, जादा चष्मा, तुझ्या बाबांचा फोटो. वर ठेवली असती तर दिसली असती. सकाळी वर्ग उघडला की आधी तिच्याकडे बघून घेते. पिशवी बघून धीर येतो, घंटा झाली की जातो, असं दिवसभर चालतं.

तपासणी होऊ दे. मग सांगतेच.

तुझी आई

२३ सप्टेंबर

खारू,

तपासणी झाली. हसावं की रडावं ते तूच सांग.

तपासणीच्या बाई तशा तरुण, तुझ्याहून थोड्या मोठ्या. खुर्ची नको म्हणाल्या, मुलांत खालीच बसल्या. मी मुलांना विचारून दाखवलं. चेहरा कुठला? पाठ कुठली? कणा कुठला? पोपटासारखी बोलली. मुंग्या कुठून निघतात? "डावीकडून!" बाई खूश. मग त्यांनी आपल्या झोळीतून एक कोरं पुस्तक काढलं, कासवाचं, आणि चिमटीच्या हातात दिलं. "मला वाचून दाखव पाहू, येईल तसं."

चिमटीने सगळं नीट केलं. चेहरा वर, कणा डावीकडे, कोपऱ्यातून पान, बोट मुंग्यांखालून. गोष्ट मनाची सांगत होती. कासव निघालं, कासव चाललं, कासव अजून चाललंय. पण बोट कुठे चुकलं नाही. माझा ऊर भरून आला. पुस्तकाच्या मधोमध पोचली आणि थांबली. पानांच्या बेचक्यात बोट घालून काहीतरी शोधायला लागली.

"काय हवंय गं?" बाईंनी विचारलं.

"दोरा."

"कसला दोरा?"

चिमटीला असल्या प्रश्नांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिच्या फ्रॉकची शिवण उसवली होती, तिथला एक दोरा तिने ओढून तोडला, नीट पानांच्या मधे ठेवला आणि वर्गाकडे बघितलं. सगळा वर्ग ओरडला, "वारा आला!" तिने पुस्तक गर्रकन फिरवलं आणि पुढे वाचायला लागली. कासव पाठीवर पडलेलं, झाडं वरून लोंबणारी, आणि हिचं बोट उलट्या मुंग्यांखालून अगदी शिस्तीत डावीकडून उजवीकडे. वर्गात एकालाही काही वावगं वाटलं नाही.

बाई आधी खूप हसल्या. मग त्यांनी हळूच पुस्तक सुलटं केलं, तर चिमटी म्हणते, "अहो, असं नाही. तुम्हाला येत नाही का?" आणि परत उलटं केलं. त्यांनी ते दुसऱ्या मुलाला दिलं, तिसऱ्याला दिलं. सगळ्यांनी मधोमध पोचून तेच केलं. तोवर बाईंचं हसू गेलं होतं.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं यांना?"

मी निळा मोजा आणून दिला. त्यांनी चाळला, दोरे बोटांनी चाचपून पाहिले.

"हे चुकीचं बांधलंय, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मुलांना कधी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

मी म्हटलं, "एकच पुस्तक होतं." त्यांनी मान वळवून काचेच्या कपाटाकडे पाहिलं. भरगच्च कपाट, ओळीने कणे. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. या वयात.

नेमकं तेव्हाच वर टण टण झालं. मुलं दप्तरं पाठीला लावून दारात उभी राहिली आणि मी, तपासणीच्या बाईंना तशाच सोडून, जिना चढायला लागले. अर्ध्या जिन्यात भान आलं की आपण हे काय करतोय. तरी खाली उतरले नाही. वरच गेले. पडदा ओढायचा होता.

परत आले तेव्हा बाई मुलांची दप्तरं उतरवत होत्या. कासवाचं पुस्तक त्यांनी ठेवून दिलं आमच्याकडे.

तुझी आई

२६ सप्टेंबर

खारू,

अहवाल आला. एवढासाच आहे. कपाट मुलांसाठी उघडं असावं. वर्गावर दुसरी शिक्षिका असावी, सोमवारपासून शिकाऊ मुलगी पाठवत आहोत, पुढे तीच कायम होईल. माझ्याबद्दल वाईट एक अक्षर नाही, म्हणून जास्त लागलं.

तो वर नेऊन आजींना वाचून दाखवला. दोऱ्याचं आणि वाऱ्याचंही सांगितलं. मला वाटलं, आता तपासणीवाल्यांचा उद्धार होणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्यांनी फिरवलं?"

"सगळ्यांनी."

"त्या बाईसमोर?"

"हो."

बराच वेळ घंटेचा दांडा चोळत बसल्या. मग उशीखालून किल्ली काढली. "कुलूप गंजलं असेल. तेल घाल," म्हणाल्या.

मला वाटलं होतं आत सगळं कसरीने खाल्लेलं असेल. तसं काही नाही गं. एकूण एक पुस्तक धड, कोरं, पान उलटलं की करकरणारं. मुलं तुटून पडतील म्हणून मी बाजूला झाले. चिमटीने एक घेतलं, चाळलं आणि परत ठेवलं. "यात वारा नाही," म्हणाली. दुसरं घेतलं. "यातपण नाही." बाकीच्यांनी घेतली, मधोमध गेली, फिरवली, उलटी चित्रं बघत सुखाने बसली.

मग मी सगळ्यांना समोर घेऊन सांगितलं. पुस्तक फिरवायचं नसतं. सगळी पुस्तकं शेवटपर्यंत सरळच असतात. मोज्याचं तेवढं बांधणाऱ्याकडून चुकलं होतं.

चिमटीने विचार केला. "मग आपण का फिरवत होतो?"

"ते उलटं होतं म्हणून."

"मग दुसरं का नाही घेतलं?"

"कपाटाला कुलूप होतं ना."

"किल्ली कुठे होती?"

"वर."

"मग?"

चार वर्षांची आहे ती. मग, म्हणाली, आणि तोंड उघडं ठेवून उत्तराची वाट बघत बसली. मला तुझीच आठवण झाली, जिन्यावरची.

मुलं मावशींवर सोपवली आणि तशीच वर गेले.

"मी वाजवली नाही," आजी म्हणाल्या.

"माहीत आहे. आई, मी खारूकडे जाणार आहे. एक तारखेला. तिकडे माझ्यासाठी काम बघितलंय तिने. पुन्हा येईन भेटायला, पण राहायला तिकडेच." एका दमात बोलले, शब्दांच्या मधे जागाच ठेवली नाही.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उभी. खाली मुलांचा गलका चालू होता. शेवटी भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "ते मोज्याचं पुस्तक वर आणून दे मला."

आणून दिलं. सांगून झालं एकदाचं.

तुझी आई

२९ सप्टेंबर

चि. खारूस,

मी येत नाही.

कारणं कळवू नकोस म्हणाली होतीस, पण वाच. आजींनी घंटा वाजवणं बंद केलंय. मी सांगितलं तेव्हापासून एक ठोका नाही. पाणी मागत नाहीत, पडदा ओढायला सांगत नाहीत, ऊन तोंडावर आलं तरी तशाच पडून राहतात. ताट नेलं तर "भूक नाही". घंटा वाजायची तेव्हा निदान मधल्या वेळात मी खाली असायचे. आता अंगाने खाली आणि जीव सगळा वर. दर थोड्या वेळाने जाऊन बघून येते, श्वास चाललाय ना.

काल शिकाऊ मुलगी आली. बरी आहे, आवाज गोड आहे, मुलांना उगाच "बाळांनो" म्हणत नाही. तिला वर्गात बसवून मी वर गेले, तर आजी मोज्याचं पुस्तक छातीवर धरून वाचत होत्या. दोऱ्याशी पोचल्या, पुस्तक गर्रकन फिरवलं, वाचत आल्या, पुन्हा फिरवलं. हात सवयीने चालत होते. मला बघताच पुस्तक उशीखाली सरकवलं, किल्ली असायची तिथे.

"आई, दोन घास खाऊन घ्या."

"नको."

"मी नाही जात," मी म्हटलं. कसं तोंडातून निघालं कळलंच नाही. नेहमीचंच वाक्य असल्यासारखं निघालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं खूश होतील. तसं काही दिसलं नाही. खूप दमलेल्या माणसाला कोणी आणखी थोडं चाल म्हणावं, तशा दिसल्या. "बरं," म्हणाल्या, आणि माझ्या समाधानासाठी जेवल्या.

तेव्हा वाचनालयाला माझ्या वतीने तूच काय ते सांग. खोलीतली माझ्यासाठीची दुसरी खाट कोणाला तरी देऊन टाक, रिकामी ठेवू नकोस, त्रास होतो. पिशवी मी रिकामी केली आहे.

जिन्यावर तू मला भित्री म्हणाली होतीस आणि मी काही बोलले नव्हते. आज उत्तर देते. हो, आहे.

आई

१ ऑक्टोबर, गाडीची वाट बघत

खारू,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर रडूच येईल, म्हणून इथल्या बाकावर बसून लिहून घेते. परवाचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक.

सकाळी फाटक उघडायला गेले, तर दारात तुझे काका. काखेत अंथरुणाची वळकटी, हातात दाढीचं सामान आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. म्हणाले, "वहिनी, झालंय काय? आईने मावशींबरोबर निरोप धाडला. एक तारखेला अंथरूण घेऊन राहायला ये, नाहीतर चौघांच्या खांद्यावरूनच निघेन म्हणते." मला काही माहीत नव्हतं. मावशींकडे पाहिलं, तर त्या जोरजोरात अंगण झाडायला लागल्या. काका वर गेले. मी वर्ग उघडला. जिना चढायचं धाडस झालं नाही.

शिकाऊ मुलीने कासवाचं पुस्तक घेतलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. कासव निघालं, कासव चाललं. मधोमध आलं तसा वर्ग गप्प झाला. चिमटीचे हात उचलले गेले, हवेत थोडे वळले, आणि मग तिने ते परत आपल्या मांडीवर ठेवले, एकावर एक. शिकाऊ मुलीने पान उलटलं. पुढच्या पानावर कासव सरळच चाललं होतं.

तेवढ्यात घंटा झाली.

पाच दिवसांनी वाजली. माझा पाय पहिल्या पायरीवर जाऊनही पोचला. मग लक्षात आलं की ती थांबत नाहीये. टण टण नव्हतं ते. लांब होती, एकसारखी, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. मुलं नेहमीप्रमाणे दप्तरं पाठीला लावून दारात. मी नेहमीप्रमाणे "ही सुटीची नाही रे" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण ती सुटीचीच होती. मार्चनंतर पहिल्यांदा.

वरून काकांचा आवाज आला, "अगं आई, पुरे! काय हवंय तुला?"

आणि आजींचा, खणखणीत, वर्गावर असायचा तसा, "तू गप्प बस. सुटली का ते बघ खिडकीतून."

मी पायरीवरून पाय काढला. कपाटामागून पिशवी ओढली. रिकामी केली असं तुला लिहिलं होतं, ते खोटं होतं. शिकाऊ मुलीने मुलांना दारातच थोपवून धरलं, एकेकाचं दप्तर उतरवत होती, आणि मी त्यांच्यातून वाट काढत होते. चिमटीने माझी बाही धरली.

"बाई, आत्ता तर आलो. सुटली?"

"हो," म्हटलं, "माझी सुटली."

तिने जरा विचार केला आणि बाही सोडली.

फाटकाबाहेर आले, रस्ता ओलांडला. खिडकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर परत गेले असते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत घंटा चालूच होती. हात दुखला असेल गं त्यांचा.